तारीख कोणी लिहायची

मंगल कार्यालय विकते ती तारीख. हॉल, स्टेज, वरपक्षाच्या आणि वधूपक्षाच्या खोल्या, स्वयंपाकघर, जनरेटर हे सारे वर्षभर जागच्या जागी असते. पण तुळशीच्या लग्नानंतरचा एखादा चांगल्या मुहूर्ताचा रविवार एकदाच येतो आणि तो एकाच कुटुंबाला देता येतो. तो चुकून दोघांना दिला गेला, तर पैसे परत करून त्याची भरपाई होत नाही, कारण तोवर पत्रिका छापून झालेल्या असतात, परगावच्या पाहुण्यांनी तिकिटे काढलेली असतात आणि त्या दिवशी आसपासचे दुसरे कार्यालयही रिकामे मिळत नाही. छोट्या व्यवसायांचे संगणक एकमेकांशी जोडून देणे हे माझे काम आहे. दवाखाने, सीएंची ऑफिसे, क्लासेस अशा अनेक ठिकाणी मी सामायिक कॅलेंडर बसवून दिले आहे. परंतु अशा कॅलेंडरमध्ये खरी जोखमीची गोष्ट कोणती, हे मला पुण्याच्या उपनगरातल्या एका जुन्या मंगल कार्यालयाचे काम करताना जितके स्पष्ट दिसले तितके आणखी कुठे दिसले नाही.

त्या कार्यालयात जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची नोंदवही होती. एका पानाला एक तारीख, पानाचे आडवे दोन भाग म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ, आणि उभे दोन रकाने म्हणजे मोठा हॉल आणि छोटा हॉल. कोणी नुसती चौकशी केली, तर पेन्सिलीने आडनाव लिहिले जाई. अ‍ॅडव्हान्स जमा होऊन पावती फाटली, की तेच आडनाव शाईने लिहिले जाई. कार्य रद्द झाले, तर त्यावर लाल रेघ येई आणि खाली परत दिलेल्या रकमेची नोंद होई. कार्यालयाच्या मालकांना तिथे सगळे काका म्हणतात. "वहीत माझ्याशिवाय कोणी लिहायचं नाही, हा आमच्या वडिलांपासूनचा नियम आहे," असे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले. त्या वेळी मला ती जुन्या माणसाची शिस्त वाटली. पुढे त्या वहीची जागा घेणारी व्यवस्था उभी करताना लक्षात आले, की पेन्सिल, शाई, लाल रेघ आणि लिहिणारा एकच हात या चार गोष्टींत त्या व्यवसायाची सगळी सुरक्षितता साठवलेली होती, आणि संगणकावर मला नेमके तेवढेच पुन्हा उभे करायचे होते.

वही बदलावी लागली, ती तिच्यातल्या दोषामुळे नव्हे. वही एका जागी असते आणि चौकश्या मात्र चहूकडून येऊ लागल्या होत्या. काकांच्या सूनबाई, ज्यांना कार्यालयात सगळे वहिनी म्हणतात, त्यांच्या फोनवर संध्याकाळनंतर लोक विचारणा करत. दिवसा येणाऱ्यांशी व्यवस्थापक बोलत. आणि जुन्या ओळखीचे लोक थेट काकांना घरी फोन करत. वहिनी दुपारी वहीच्या पानांचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकत आणि संध्याकाळपर्यंत त्यांतले एखादे पान शिळे झालेले असे. केटररला ताटांचा अंदाज लागे, सजावटवाल्याला हॉल कधी मोकळा होणार ते कळायला हवे असे, हिशेबनिसांना उरलेली रक्कम कधी येणार ते हवे असे. हे सगळे लोक एकाच वहीविषयी एकमेकांना फोन करत होते.

जाळे छोटेसेच होते: एक राउटर, एक स्विच, ऑफिसात दोन संगणक, हिशेबाच्या खोलीत एक आणि एक प्रिंटर. त्यात कमी वीज खाणारा एक लहान संगणक सर्व्हर म्हणून ठेवला, त्याला यूपीएस दिला आणि राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवला, कारण तो पत्ता बदलला तर एकाच क्षणी सर्व संगणक आणि सर्व फोन कॅलेंडरला मुकतात. त्यावर सामायिक कॅलेंडर सांभाळणारे रॅडिकेल नावाचे मुक्त सॉफ्टवेअर बसवले. ते पायथन भाषेत लिहिलेले आहे, जुन्यापुराण्या संगणकावरही निवांत चालते, आणि मला त्याची सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे ते प्रत्येक नोंद एका स्वतंत्र, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवते. सुरुवातीला ते फक्त स्वतःच्या संगणकापुरतेच ऐकते. जाळ्यातल्या इतरांचे ऐकायला त्याला मुद्दाम सांगावे लागते आणि कोणाला आत घ्यायचे याची यादी द्यावी लागते. ऑफिसातल्या संगणकांवर ते कॅलेंडर पाहण्यासाठी थंडरबर्ड हे ईमेल-कॅलेंडरचे सॉफ्टवेअर घेतले. वहिनींच्या आयफोनला असे कॅलेंडर जोडण्याची सोय मुळातच होती, काकांच्या अँड्रॉइड फोनवर त्यासाठी वेगळे अ‍ॅप घालावे लागले, आणि हिशेबाच्या संगणकावरचे आउटलुक अशा कॅलेंडर सर्व्हरची भाषा स्वतःहून बोलत नसल्यामुळे त्याला एक जोडसॉफ्टवेअर द्यावे लागले. बाहेरून पोहोचण्यासाठी सर्व्हरचा दरवाजा थेट इंटरनेटवर न उघडता वायरगार्ड या सॉफ्टवेअरने खासगी वाट केली. एवढे झाले की तांत्रिक काम बहुतेक संपते, आणि म्हणूनच पुष्कळ ठिकाणी लोक इथेच थांबतात.

गूगलचे कॅलेंडर का घेतले नाही, असे व्यवस्थापकांनी विचारले आणि त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. २००६ पासून ते विनामूल्य मिळते, सामायिक करताना फक्त व्यग्र-मोकळे दाखवणे, तपशील दाखवणे, बदल करू देणे आणि सामायिकीकरणाचाच कारभार सोपवणे अशा चार पायऱ्या त्यात आहेत, आणि अनेक दुकानदारांना मी तेच सुचवतो. मात्र सुचवताना एक अट घालतो. ते कॅलेंडर कोणाच्या तरी खात्याच्या मालकीचे असते आणि छोट्या व्यवसायात ते खाते बहुधा ज्याला संगणक बरा येतो अशा एखाद्या नोकरदाराचे खासगी खाते असते. तो माणूस नोकरी सोडून गेला, की व्यवसायाच्या तारखा त्याच्याबरोबर जातात. म्हणून खाते व्यवसायाच्या नावाने उघडावे आणि ते परत मिळवण्याची साधने घरातल्या दोन विश्वासू माणसांकडे असावीत, एवढे तरी मी आग्रहाने करून घेतो. या कार्यालयात काकांची इच्छा वेगळी होती. वही जशी इमारतीच्या कपाटात असे, तशाच तारखाही इमारतीत राहाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते मला पटले.

आज हे शक्य आहे यामागे काही माणसांचे मोठे काम आहे आणि त्याची फारशी कोणाला कल्पना नसते, म्हणून थोडे सांगतो. १९९६ च्या सुमाराला अ‍ॅपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या व्हर्सिट या गटाने कॅलेंडरची नोंद कशी लिहावी याचा एक नमुना तयार केला. त्यावरून पुढे आयकॅलेंडर हे मानक झाले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये आरएफसी २४४५ (इंटरनेटच्या मानकांच्या क्रमांकित दस्तऐवजांपैकी एक) म्हणून प्रसिद्ध झाले. त्याचे दोन लेखक होते लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन. त्या काळात या दोन कंपन्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरच्या बाजारात एकमेकींच्या समोर उभ्या होत्या. तरीही कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली तारीख दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला वाचता यावी, यासाठी त्यांच्या माणसांनी एकत्र बसून नियम लिहिले. २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्याआधी मार्च २००७ मध्ये सायरस डाबू, बर्नार्ड डेरुइसो आणि लिसा डुसो यांनी लिहिलेले कॅलडॅव्ह हे मानक आले, ज्यामुळे अशा नोंदी सर्व्हरवर ठेवून अनेकांना त्या वाचता आणि बदलता येऊ लागल्या. आज एका उपनगरातल्या कार्यालयात थंडरबर्ड, आयफोन आणि अँड्रॉइड एकाच तारखेकडे पाहतात, ते या मानकांच्या जोरावर. उद्या रॅडिकेल बंद पडले, तरी त्या फाइली उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवता येतील. व्यवसायाच्या तारखा कोणा एका कंपनीच्या मर्जीवर राहू नयेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता त्या जोखमीकडे येतो. बहुतेक लोक समजतात, की सामायिक कॅलेंडर आले म्हणजे एकाच तारखेचे दोनदा आरक्षण होणे आपोआप थांबते. तसे होत नाही. कॅलडॅव्हमध्ये प्रत्येक नोंदीला आवृत्तीची एक खूण असते. दोघांनी एकच नोंद एकाच वेळी उघडून बदलली, तर दुसऱ्याचा बदल सर्व्हर ४१२ हा उत्तर-क्रमांक देऊन नाकारतो आणि आधी ताजी नोंद पाहायला लावतो. हे संरक्षण आहे ते एका नोंदीपुरते. दोघांनी त्याच हॉलसाठी, त्याच सकाळसाठी दोन वेगळ्या नोंदी केल्या, तर सर्व्हर त्या दोन्ही शांतपणे ठेवून घेतो, कारण त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या फाइली आहेत आणि दोन्ही नियमांत बसतात. हे मानक मुळात माणसांच्या दिवसाचा विचार करून लिहिले गेले आहे. माणसाला एकाच वेळी दोन निमंत्रणे असू शकतात आणि त्यांतले कुठले स्वीकारायचे हे तो ठरवतो. हॉलला ठरवता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये किंवा गूगलच्या व्यावसायिक सेवेत खोलीला स्वतःचे कॅलेंडर देऊन, ती वेळ आधीच दुसऱ्या कोणाला दिलेली असेल तर निमंत्रण आपोआप नाकारण्याची सोय आहे, पण साध्या सर्व्हरवर ती नसते.

त्यात उशिराची भर पडते. थंडरबर्ड सहसा दर तीस मिनिटांनी सर्व्हरला नवे काय म्हणून विचारते. फोनवरचे अ‍ॅप त्याहून सावकाश असू शकते; ते अंतर पंधरा मिनिटांवर आणता येते, पण पंधरा मिनिटे म्हणजे शून्य नव्हे. लग्नसराईच्या तारखा उघडल्या, की त्या पंधरा मिनिटांत दोन माणसांना तोच रविवार रिकामा दिसू शकतो आणि दोघेही मनापासून, खात्रीने "तारीख आहे, या तुम्ही" असे सांगू शकतात. फोटोतले पान शिळे आहे हे निदान पाहणाऱ्याला कळत असे. फोनवरचा रिकामा चौकोन मात्र ताजाच आहे असे वाटते. यंत्रावरच्या विश्वासामुळे वाढणारा हा धोका मी जिथे जातो तिथे आधी समजावून सांगतो.

उपाय काकांच्या नियमात होता. लिहिणारा हात एकच ठेवला, तर दोन नोंदींची टक्कर होऊच शकत नाही. म्हणून दोन हॉलांची दोन कॅलेंडरे केली आणि त्यांत लिहिण्याचा अधिकार फक्त 'नोंदणी' या एका खात्याला दिला. ते खाते ऑफिसातल्या एकाच संगणकावर उघडे असते. घरातल्या आणि ऑफिसातल्या बाकी सर्वांना वाचण्याचा अधिकार. शिवाय 'चौकशी' नावाचे तिसरे कॅलेंडर केले आणि त्यात काका, वहिनी आणि व्यवस्थापक या तिघांनाही लिहायची मुभा दिली. फोनवर कोणी विचारले, की ती तारीख चौकशीत जाते. अ‍ॅडव्हान्स जमा झाला, की नोंदणी खात्यावरचा माणूस ती हॉलच्या कॅलेंडरात नेतो आणि चौकशीतली नोंद काढतो. आयकॅलेंडरमध्ये नोंदीला 'तात्पुरती', 'निश्चित' किंवा 'रद्द' अशी स्थिती देता येते आणि पेन्सिल-शाईचे काम तिनेही झाले असते. पण काही सॉफ्टवेअर तात्पुरती नोंद फिकट दाखवतात, काही तिच्यात आणि निश्चित नोंदीत काहीच फरक दाखवत नाहीत. ज्या फरकावर एका कुटुंबाचे कार्य अवलंबून आहे, तो कोणत्या फोनवर कसा दिसेल यावर सोडणे मला बरे वाटले नाही.

हे सर्व रॅडिकेलच्या अधिकारांच्या फाइलमध्ये काही ओळींत लिहिता येते. त्या ओळींत खात्याचे नाव लिहिताना मात्र एक अवघड प्रश्न पुढे आला. नोंदणी खाते कोण वापरणार? वही होती तोवर हे कोणी विचारले नव्हते; काका लिहीत होते आणि घर ते गृहीत धरत होते. प्रत्यक्षात गेल्या काही वर्षांत बहुतेक कार्ये वहिनी ठरवत होत्या. लोकांशी त्याच बोलत, दर त्याच सांगत, मुलीच्या आईची काळजी त्याच ऐकून घेत आणि मग काकांना सांगून वहीत लिहून घेत. ऑफिसात संगणकासमोर बसणारे होते व्यवस्थापक. म्हणजे ठरवणारे एक, लिहिणारे दुसरे आणि टंकणारे तिसरे. मी बाहेरचा माणूस. घरातल्या अशा गोष्टीत मी मत देणे बरोबर नव्हते. पण फाइलला नाव हवे होते आणि ते त्यांनीच सांगायला हवे होते. मी तिघांना एकत्र बसवून एवढेच विचारले, की तारीख दिली असे कोणाच्या शब्दाने धरायचे. त्या संध्याकाळी बराच वेळ कोणी सरळ उत्तर दिले नाही. शेवटी त्या हंगामापुरते असे ठरले, की खाते काकांचे राहील, ते सांगतील तसे व्यवस्थापक टंकतील आणि वहिनी चौकशीत लिहितील. मला वाटले होते त्यापेक्षा हे वेगळे होते, पण ठरले ते त्यांच्या तोंडून ठरले, हे महत्त्वाचे होते.

वेळांचा विचारही वहीपेक्षा जास्त काटेकोर करावा लागला. वहीत 'सकाळ' आणि 'संध्याकाळ' एवढे पुरत असे; कॅलेंडरला सुरुवात आणि शेवट लागतो. सकाळच्या कार्याच्या पंगती लांबतात, नंतर हॉल झाडूनपुसून सजावटवाल्याच्या ताब्यात द्यायचा असतो, म्हणून सकाळचे कार्य कॅलेंडरात संपते त्यानंतर दीड तास 'तयारी' म्हणून वेगळा अडवला. संध्याकाळच्या नोंदीत रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद करण्याची आठवण घातली, कारण ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत त्याला सर्वसाधारणपणे मनाई करतात आणि त्या वेळी वऱ्हाडाशी वाद घालणे कोणालाच नको असते.

मुहूर्ताची वेळ हा आणखी एक विषय. हल्ली वरपक्ष किंवा वधूपक्ष, दोन्हींपैकी कोणी ना कोणी परदेशात असतेच आणि वहिनी त्यांना कॅलेंडरातूनच निमंत्रण पाठवतात. डिसेंबरातला दुपारी १२ वाजून २७ मिनिटांचा मुहूर्त कॅलिफोर्नियातल्या काकूंच्या फोनवर आदल्या रात्री १० वाजून ५७ मिनिटांना दिसतो आणि ते बरोबरच आहे, कारण त्या क्षणी तिथे तेवढेच वाजलेले असतात. अट एवढीच, की नोंदीत भारताची कालरेषा (टाइम झोन) स्पष्ट लिहिलेली हवी. उलट सबंध दिवसाची नोंद, म्हणजे हळद किंवा कार्यालयाची सुट्टी, मध्यरात्र ते मध्यरात्र अशी वेळ घालून केली, तर तीच नोंद त्या काकूंच्या फोनवर आदल्या दिवशी सकाळी साडेदहाला सुरू होते. सबंध दिवसाच्या नोंदीसाठी आयकॅलेंडरमध्ये नुसती तारीख लिहिण्याची सोय आहे. तिला कालरेषाच नसते आणि ती जगात सर्वत्र त्याच तारखेला दिसते. तिचा शेवट मात्र दुसऱ्या दिवसाच्या तारखेने लिहावा लागतो. १२ डिसेंबरची नोंद १३ ला संपते असे लिहितात. हे ठाऊक नसलेल्या माणसाने वहीतल्या नोंदी एक्सेलमध्ये भरून कॅलेंडरात आणल्या, तर दिवसांच्या हिशेबात गडबड होते.

जुन्या नोंदी आणताना मराठीनेही एक अडचण दाखवली. आयकॅलेंडरच्या फाइलमधली ओळ ७५ बाइटांपेक्षा (बाइट म्हणजे संगणकात मजकूर मोजायचे माप) लांब नसावी असा संकेत आहे. लांब झाली तर ती दुमडून पुढच्या ओळीत न्यायची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरखुणेला आणि प्रत्येक मात्रेला तीन लागतात, म्हणून पंचविसेक खुणांतच ओळ भरते आणि काही सॉफ्टवेअर ती अगदी अक्षराच्या मधोमध दुमडतात. नीट लिहिलेले सॉफ्टवेअर ती घडी उलगडून अक्षर पुन्हा जोडते. निष्काळजीपणे लिहिलेले सॉफ्टवेअर तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दाखवते. यावर नोंदी इंग्रजीत लिहाव्यात असे सुचवणारे लोक भेटतात. मी तसे करत नाही. ज्या आचाऱ्याला आणि वाढप्यांच्या मुकादमाला ती नोंद वाचायची आहे, त्यांची भाषा मराठी आहे, आणि मराठी अक्षरे सांभाळणारे सॉफ्टवेअर निवडणे हे माझे काम आहे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो पंचांगावर, आणि हा भाग मला सर्वांत आवडला. आयकॅलेंडरमध्ये पुनरावृत्तीचा नियम लिहिता येतो. १ सप्टेंबर २०१५ पासून बँका महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. हिशेबनिसांसाठी ही गोष्ट एका ओळीत लिहिता येते आणि ती पुढची कितीही वर्षे बरोबर राहते. पण कार्यालयाचे वर्ष चालते ते आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासावर, तुळशीच्या लग्नावर, गुरू-शुक्राच्या अस्तावर आणि अधिक मासावर. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला. हे नियमात बसत नाही. २०१५ मध्ये इतर कालगणनांसाठी आरएफसी ७५२९ हे पूरक मानक आले. हिब्रू किंवा चिनी पद्धतीने तारखेची पुनरावृत्ती लिहिण्याची वाट त्याने दाखवली. पण ते ज्या यादीवर विसंबते, तिच्यात 'भारतीय' म्हणून जी कालगणना आहे ती आपली राष्ट्रीय शक दिनदर्शिका. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून ती सरकारी वापरात आली आणि ती सौर आहे. तिथी, क्षय, वृद्धी आणि अधिक मास यांना तिथे जागा नाही.

म्हणून पंचांगाचे एक वेगळे, सर्वांना वाचण्यापुरते कॅलेंडर केले आणि त्यातल्या नोंदी दरवर्षी कार्यालयाच्या गुरुजींनी सांगायच्या असे ठरवले. गुरुजी भिंतीवरच्या कालनिर्णयावर भागवत नाहीत. ते आपले पंचांग घेऊन बसतात, मुहूर्ताच्या तारखा एकेक करून सांगतात आणि वहिनी त्या भरतात. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा येतो, म्हणजे एरवी जो काळ कार्यालयाला उसंत देत नाही तो जवळजवळ सबंध महिना लग्नांविना जातो. हे आधीच कॅलेंडरात दिसल्यामुळे काकांनी छताची गळती काढणे, जनरेटरची दुरुस्ती आणि स्वयंपाकघराची फरशी ही कामे त्या महिन्यासाठी राखून ठेवायला सांगितले. यंत्राने न समजणारी गोष्ट जाणत्या माणसाकडून घेऊन यंत्रात नीट ठेवली, तर ती सगळ्यांना किती उपयोगी पडते, याचे मला त्यात समाधान वाटले.

केटरर आणि सजावटवाल्यासाठी त्यांचे स्वतंत्र कॅलेंडर आहे आणि त्यात तारीख, सत्र, हॉल आणि अंदाजे ताटे एवढेच असते. वधू-वरांची नावे, फोन क्रमांक, पत्ते त्यात नसतात, आणि रकमा तर कोणत्याच कॅलेंडरात नसतात. त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येच राहतात. लग्नघराचा पत्ता आणि ते घर कोणत्या दिवशी रिकामे असणार, हे दोन्ही एकत्र लिहिलेली नोंद अनोळखी फोनांवर फिरणे किती धोक्याचे आहे, हे लक्षात आणून दिल्यावर कोणीच हरकत घेतली नाही.

सामायिक कॅलेंडरात पुसणेही सामायिक असते, ही गोष्ट लोक विसरतात. एका ठिकाणी नोंद काढली की ती सर्वत्र निघते. इतर फोनांवर तिची प्रत राहील अशी आशा ठेवता येत नाही. म्हणून रोज रात्री सर्व नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि आठवड्यातून एकदा इमारतीबाहेर जाते, आणि दर महिन्याच्या सुरुवातीला पुढच्या तीन महिन्यांची पाने छापून ऑफिसात लावली जातात. वीज गेली किंवा सर्व्हर बंद पडला, तरी फोनांवर शेवटची प्रत वाचता येते. फक्त त्या वेळात कोणाला नवी तारीख द्यायची नाही, असा नियम आहे आणि तो पाळला जातो.

लग्नसराई उलटल्यावर काकांनी मला बोलावून घेतले. वहिनी समोरच होत्या. "आता नोंदणी हिच्याकडे द्या," ते म्हणाले, "आणि मला नुसतं वाचता आलं तरी पुरे. फक्त कोणी काय लिहिलं, कधी बदललं, ते मला दिसायला हवं. वहीत अक्षरावरून कळायचं." ही मागणी अगदी रास्त होती. आयकॅलेंडरच्या नोंदीत ती शेवटी कधी बदलली ते असते, पण कोणी बदलली हे खात्रीने मिळत नाही. रॅडिकेलला मात्र प्रत्येक बदलानंतर एक आज्ञा चालवायला सांगता येते, आणि त्या आज्ञेने नोंदींचे सबंध फोल्डर गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बदल करणाऱ्या खात्याच्या नावासह, नोंदवून ठेवता येते. ते केले, अधिकारांच्या फाइलमधली ओळ बदलली, आणि व्यवस्थापकांना वहिनी रजेवर असतील तेवढ्याच दिवसांसाठी चालू करता येईल असे वेगळे खाते दिले, म्हणजे वहिनींच्या पासवर्डवर दुसऱ्या कोणाला लिहावे लागणार नाही. आता दर सोमवारी सकाळी आठवड्याभरातल्या बदलांची यादी छापून काकांकडे जाते. ते ती चष्मा लावून सावकाश वाचतात, एखाद्या तारखेपाशी खूण करतात आणि वहिनींना त्याविषयी विचारतात. केटरर अजून स्वतःची डायरी वापरतो आणि कॅलेंडरातले आकडे तिच्यात उतरवून घेतो. पुढच्या हंगामाआधी त्याच्या फोनवर बसून ते काम करायचे आहे.